शेवटच्या डावातली दुर्री

१९८८च्या मे महिन्यात लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चा मुख्य सामना झाला. प्रत्येकी दहा हजार डॉलर भरून १६७ जण खेळायला बसले होते. एकेक करत सगळे उठले आणि टेबलाशी दोघंच उरले. एक होता आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन. टेबलावर तो नेहमी एक संत्रं ठेवायचा, कारण त्या काळी पोकरच्या खोल्या सिगरेटच्या धुराने भरलेल्या असायच्या आणि संत्र्याच्या वासाने त्याला बरं वाटायचं. समोर होता न्यूयॉर्कचा एरिक सायडेल. विशीतला हा तरुण या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता.

शेवटचा डाव असा झाला. चॅनच्या हातात किल्वरचा गुलाम आणि किल्वरची नव्वी. सायडेलच्या हातात राणी आणि सत्ती. टेबलावर आधी तीन पानं उघडली: राणी, अठ्ठी, दश्शी. मग दुर्री आली. मग छक्की. छक्की पडल्यावर सायडेलने आपल्या सगळ्या चिप्स आत ढकलल्या आणि चॅनने कॉल दिला, म्हणजे त्या बोलीची बरोबरी केली. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी अशी सलग पाच पानांची ओळ चॅनकडे होती आणि सायडेलकडे फक्त राण्यांची जोडी. चॅन सात लाख डॉलर आणि सलग दुसरं विजेतेपद घेऊन उठला.

मित्रांच्या बैठकीत पोकर खेळायला लागलेलं कुणी भेटलं, की मी हा डाव त्यांच्यापुढे मांडतो. काही जण ऐकून म्हणतात, एकाला चांगली पानं आली, दुसऱ्याला आली नाहीत, यात एवढं काय? या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी.

आपल्यापैकी बहुतेकांचा पत्त्यांवरच्या पैशांशी परिचय दिवाळीतल्या तीन पत्तीतून झालेला असतो. तिथे तीनही पानं झाकलेली. समोरचा चाल वाढवतो तेव्हा ती कशाच्या जोरावर वाढवतो याचा अंदाज बांधायला त्याच्या चेहऱ्याशिवाय आणि त्याच्या चालीशिवाय काहीच हाताशी नसतं. म्हणून तीन पत्ती धाडसाचा खेळ होते, आणि त्यात मजा आहेच. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र दोनच पानं आपली असतात आणि पाच पानं टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांसमोर उघडी पडतात. त्यातली तीन एकदम येतात, तो फ्लॉप. चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर. फ्लॉपच्या आधी, फ्लॉपनंतर, टर्ननंतर आणि रिव्हरनंतर अशा चार वेळा बोली होते. सातांपैकी उत्तम पाच पानांचा हात जिंकतो.

त्या पाच उघड्या पानांमुळे सगळंच बदलतं. टेबलावरचे सगळे एकच मजकूर वाचत असतात, फक्त प्रत्येकाकडे त्याचं स्वतःचं दोन पानांचं गुपित असतं. राणी, अठ्ठी, दश्शी समोर असताना कुणी चिप्स लावल्या, तर तो एक विधान करतो आणि ते विधान या तीन पानांच्या संदर्भात पटतं का, हे ताडून पाहता येतं. फ्लॉपच्या आधी त्याने काय केलं होतं? मग आता असं का? चार टप्प्यांत चार वाक्यं बोलली जातात आणि ती एकमेकांना धरून असावी लागतात. खोटं बोलायचं असेल तरी पहिल्या वाक्यापासून जुळवून बोलावं लागतं. पोकरची खरी गोडी इथे आहे, आणि नवख्या माणसाला ती लागली की त्याचं खेळणंच पालटतं.

आता पुन्हा त्या डावाकडे जाऊ.

दोघंच खेळत असताना राणी-सत्ती ही फेकून देण्यासारखी पानं नव्हेत. नऊ-दहा जणांच्या टेबलावर ती कुणी शहाणा हातात ठेवणार नाही, पण समोर एकच माणूस असेल तर बहुतेक वेळा त्याच्याकडेही काहीच नसतं. गुलाम-नव्वीचंही तसंच. दोघांकडेही मोठी जोडी किंवा एक्का-राजा असला डामडौल नाही. दोन साध्या हातांच्या या डावाला शोभा आली ती फ्लॉपमुळे.

राणी, अठ्ठी, दश्शी. सायडेलच्या डोळ्यांनी पाहा. टेबलावरचं सर्वांत मोठं पान राणी आणि त्याच्या हातातही राणी. दोघांच्या लढतीत हा हात उत्तमच म्हणायचा. त्याच क्षणी चॅनच्या डोळ्यांनी पाहा. या तीन पानांवर ज्या हाताला कुणीच हरवू शकत नाही असा एकच हात आहे, गुलाम आणि नव्वी, आणि तो त्याच्याकडे आहे. एकाच फ्लॉपने एकाला अभिमान वाटावा असा हात दिला आणि दुसऱ्याला अजिंक्य हात दिला. नाट्याला लागणारी सगळी सामग्री या तीन पानांत आली.

फ्लॉपवर थोड्या चिप्स आत गेल्या. चॅनने मात्र आपल्या हाताचं वजन बाहेर जाणवू दिलं नाही. नवखा खेळाडू असा हात आला की पहिल्याच संधीला जोरात बोली लावतो. समोरचा घाबरून पानं टाकतो आणि अजिंक्य हातावर दोन-चार चिप्स मिळतात. हात मोठा असला तरी तो ऐकून घेणारा कुणी तरी टिकायला हवा.

मग दुर्री येते. या डावातलं माझं सर्वांत आवडतं पान हेच.

दुर्रीने कुणाचंच काही बदललं नाही. तिच्याशी कुणाची जोडी जुळत नाही, कुणाची ओळ पुढे सरकत नाही. धावत्या नजरेने डाव पाहणारा तिच्यावरून पुढे जातो. पण ती पडली त्या क्षणी सायडेल हरलेला होता. फ्लॉपनंतर त्याला एक अंधूक वाट होती, पुढची दोन्ही पानं मनासारखी आली असती तर त्याचा भरलेला हात झाला असता. दुर्रीने ती वाट बंद केली. दोघांची चार पानं आणि टेबलावरची चार, अशी आठ पानं सोडली तर ४४ पानं उरतात. त्यातलं कुठलंही पान रिव्हरला आलं असतं तरी सायडेल जिंकू शकत नव्हता. त्याला हे ठाऊक नव्हतं. चॅनलाही सायडेलची पानं दिसत नव्हती, पण आपला हात अजूनही कुणापुढे कमी पडणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

अशा वेळी चॅन काय करतो? काहीच नाही. चेक. एकही चिप पुढे जात नाही.

या चेकचं सौंदर्य समजायला वेळ लागतो, म्हणून मी इथे थांबतो. चॅनने इथे मोठी बोली लावली असती, तर त्याने सायडेलला एक खरं वाक्य सांगितलं असतं: माझ्याकडे ओळ आहे. राणी, अठ्ठी, दश्शी ही पानं ओळीची शक्यता ओरडून सांगत असतात. सायडेलसारख्या माणसाला ती ऐकू आलीच असती. चेक करून चॅनने ती शक्यता सायडेलच्या मनात मंद करून टाकली. ओळ असलेला माणूस इतका वेळ गप्प बसेल का, हा प्रश्न सायडेलने स्वतःला विचारला असणार, आणि त्याचं सोपं उत्तर ‘नाही’ असंच आहे. चॅनने एकही चिप खर्च न करता समोरच्याच्या मनात एक खोटी गोष्ट लिहून ठेवली. बाकीचं लिखाण सायडेलने स्वतःच पुरं केलं.

रिव्हरची छक्की आल्यावर सायडेलचं गणित करून पाहू. त्याला स्वतःची दोन आणि टेबलावरची पाच पानं दिसत होती. उरलेल्या ४५ पानांतून दोन पानांच्या ९९० जोड्या होतात. त्यांपैकी गुलाम-नव्वीच्या जोड्या फक्त १६. छक्कीमुळे सत्ती-नव्वीचीही ओळ लागत होती, त्या जोड्या १२. म्हणजे ९९०पैकी २८ हातांत ओळ होती. दोन जोड्या आणि राणीसोबतची मोठी पानं धरली तरी सायडेलचा हात बहुसंख्य हातांच्या पुढे होता. असं पाहिलं तर त्याचं सगळं पणाला लावणं वेडेपणाचं दिसत नाही.

तरीही त्या ऑल-इनमध्ये एक सल आहे आणि जाणत्याला तो जाणवतो. सायडेलने सगळं लावल्यावर कॉल कोण देणार? त्याच्याहून कमी हात असलेला माणूस बहुधा पानं टाकेल. कॉल देईल तो मुख्यतः त्याला हरवणाराच. म्हणजे ही बोली पूर्ण ब्लफ नाही, कारण हात चांगला आहे. आणि चांगल्या हाताची कमाई करणारीही नाही, कारण कमी हाताकडून पैसे मिळणारच नाहीत. दोन्हीच्या मधे कुठे तरी ती लोंबकळते. सायडेलची चूक राण्यांवर विश्वास ठेवण्यात नव्हती. आपल्या बोलीला उत्तर कोण देईल, हा प्रश्न त्या क्षणी मागे पडला. ९९० जोड्या सारख्याच शक्यतेच्या नसतात. चार टप्प्यांतलं समोरच्याचं वागणं त्यांतल्या कित्येकांना चाळून काढतं, आणि चॅनने ती चाळणच हातात धरली होती.

दहा वर्षांनी, १९९८ साली, जॉन डाल यांच्या ‘राउंडर्स’ या सिनेमात हाच डाव पुन्हा अवतरला. मॅट डेमनने साकारलेला कायद्याचा विद्यार्थी चॅन-सायडेल डावाची टेप पुन्हापुन्हा पाहतो. सिनेमाच्या शेवटी जॉन माल्कोविचच्या टेडी केजीबीसमोर त्याला फ्लॉपवरच ओळ लागते आणि तो चेक करतो. चॅनच्या डावाचा मनापासून केलेला अभ्यास त्या एका चेकमध्ये दिसतो. एका डावाने घडवलेला दुसरा डाव, म्हणून मला हा प्रसंग फार आवडतो. (खुद्द जॉनी चॅनही एका दृश्यात स्वतःच्याच भूमिकेत आहे.)

सिनेमाबद्दल दोन तक्रारी नोंदवतो. त्यात टेडीच्या बिस्किटं खाण्याच्या सवयीवरून नायक त्याचा हात ओळखतो. पडद्यावर हे छान दिसतं, पण त्याने कित्येक नवख्यांना समोरच्याच्या नाकाकडे, बोटांकडे आणि श्वासाकडे टक लावून बसायची सवय लावली. चॅनच्या डावात निर्णायक ठरल्या त्या बोली, त्यांचा क्रम आणि एक गप्प राहिलेली संधी. चेहरा वाचण्याआधी बोली वाचायला शिकावं. दुसरी तक्रार सायडेलच्या वतीने. सिनेमामुळे लाखो लोकांच्या लेखी तो फसलेला माणूस म्हणून गोठला. खरं तर तो पुढे पोकरमधल्या सर्वांत टिकून राहिलेल्या खेळाडूंपैकी एक ठरला आणि २०१०मध्ये त्याला पोकर हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला.

सायडेल आला कुठून, हे नवख्यांनी जरूर जाणून घ्यावं. न्यूयॉर्कमध्ये मेफेअर नावाचा ब्रिज आणि बॅकगॅमनचा क्लब होता. सायडेल मूळचा बॅकगॅमनचा खेळाडू, शेअर बाजारातल्या ऑप्शन्सचे व्यवहारही करायचा. मेफेअरमधल्या मंडळींना हळूहळू पोकरची गोडी लागली. तिथे डॅन हॅरिंग्टन होता, जो १९९५मध्ये हीच जागतिक स्पर्धा जिंकला आणि ज्याची होल्डेमवरची पुस्तकं पुढे शिकणाऱ्यांच्या हातोहाती फिरली. हॉवर्ड लेडरर हा खेळाडूही तिथलाच. या गटाची ख्याती होती ती खेळून झालेल्या डावांवर वाद घालण्यासाठी. तू तिथे चेक का केलास? मी काय समजावं असं तुला वाटलं? ओळखीच्या माणसांत, त्याच त्याच टेबलाशी, एकमेकांच्या डावांची चिरफाड करत ही माणसं घडली. ‘राउंडर्स’मधला क्लबही मेफेअरवरूनच उभा केलेला आहे.

म्हणूनच मला घरच्या बैठकीबद्दल इतकी आस्था आहे. नवखा माणूस कसिनोत गेला तर अनोळखी लोकांत खेळतो, त्यांच्या आधीच्या गोष्टी त्याला ठाऊक नसतात. दर शनिवारी तेच सहा जण भेटत असतील, तर मागचे महिने टेबलावर हजर असतात. एरवी बडबड करणारा मित्र बोली लावताना गप्प होतो, याचा अर्थ लावायला तो मित्र ओळखीचा असावा लागतो. एखाद्याने महिनाभर एकही ब्लफ केला नाही आणि आज अचानक रिव्हरला सगळं लावलं, तर ती बोली कसिनोतल्या परक्याच्या बोलीहून वेगळी वाचावी लागते.

पैशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पोकरची गोडी लागायला मोठी रक्कम लागत नाही; रक्कम मोठी असली तर गोडी लागायच्या आधीच भीती वाटते. पण चिप्सला काहीच किंमत नसेल तर खेळही संपतो, कारण गमावण्यासारखं काही नसलं की प्रत्येक जण प्रत्येक बोलीला कॉल देतो आणि बोलीचं वाक्य अर्थहीन होतं. यावर घरच्या टेबलाचा चांगला उपाय असा: सगळ्यांना सारख्या चिप्स, पुन्हा विकत घेणं नाही, संपल्या की त्या रात्रीपुरता खेळ संपला. बाहेर पडलेला चहा टाकतो आणि पुढचा डाव वाटायला मदत करतो. पैसा मधे न आणताही चिप मौल्यवान होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्या पडद्यावरच्या टेबलांचं मला दुःख नाही; तिथे बोली दिसायच्या, पण बोली लावणारा माणूस समोर नसायचा.

नवख्याची आवड वाढत जाते तेव्हा ती काही टप्पे पार करते. सुरुवातीला प्रत्येक डाव खेळावासा वाटतो. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात, त्यांतल्या फार थोड्या खेळण्यासारख्या. हातात दोन एक्के येण्याची शक्यता तर २२१ डावांत एकदाच. हे माहीत असूनही पानं टाकवत नाहीत, कारण टाकणं म्हणजे बाहेर बसणं असं वाटतं. मग जिंकण्याची चटक लागते. मग केव्हा तरी, आणि हा क्षण मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिला आहे, पानं टाकल्यानंतर मोबाइल उचलायच्या ऐवजी माणूस उरलेल्या दोघांचा डाव पाहत बसतो. त्याचं त्यात काही गुंतलेलं नसतं. दुर्री पडते आणि एक जण चेक करतो. पाहणारा मनातल्या मनात म्हणतो, हा का थांबला? त्या क्षणी तो रसिक झाला. डाव जिंकणाऱ्यापेक्षा डाव टाकून पाहणाऱ्याचं लक्ष अधिक स्वच्छ असतं, कारण त्याच्या आशेचा धूर मधे येत नाही.

टीव्हीवर हा अनुभव मिळत नाही. टेबलाच्या कडेला बसवलेला कॅमेरा खेळाडूची झाकलेली पानं प्रेक्षकांना दाखवतो. हेन्री ओरेनस्टाइन यांनी तो शोधला आणि ब्रिटनमध्ये १९९९च्या ‘लेट नाइट पोकर’ने तो लोकप्रिय केला. त्यामुळे पोकर प्रेक्षणीय झालं, नाटकात खुनी कोण हे प्रेक्षकाला माहीत आणि नायकाला नाही, तसा थरार आला. पण शिकणाऱ्याला त्याने एक खोटी सवय लावली: सगळं दिसत असताना समोरच्याला मूर्ख ठरवण्याची. घरच्या टेबलावर पानं टाकून बसलेल्याला कुणाचीच पानं दिसत नाहीत. त्याला अज्ञानातच वाचावं लागतं, खेळणाऱ्यांसारखंच.

यासाठी एका रिवाजावर मी अडून बसतो. डाव संपला की हरलेल्याच्या मागे ‘दाखव ना, दाखव’ असा लकडा लावू नये. कॉल दिला गेला नाही, तर पानं झाकलीच राहावीत. त्या रिव्हरला चॅनने बोली लावली असती आणि सायडेलने पानं टाकली असती, तर थोड्या चिप्स घेऊन चॅन पुढच्या डावाकडे वळला असता आणि आज त्या दुर्रीबद्दल कुणी काही लिहिलं नसतं. असे कित्येक उत्तम चेक कायमचे झाकलेले राहिले असणार. त्यांचा अंदाज बांधण्यातच पुढच्या शनिवारची तयारी असते.

२०१६च्या सुमारास मारिया कोनिकोव्हा नावाची मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली लेखिका सायडेलकडे शिकायला गेली. नशीब आणि कौशल्य यांचा हिशेब तिला समजून घ्यायचा होता, आणि पत्त्यांच्या कॅटमध्ये पानं किती असतात हेही तिला ठाऊक नव्हतं. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने खेळांच्या सिद्धान्तावर केलेल्या कामाचा पोकरशी संबंध आहे, हे वाचून ती इकडे वळली होती. जानेवारी २०१८मध्ये तिने बहामात एक स्पर्धा जिंकली आणि २०२०मध्ये या प्रवासावर ‘द बिगेस्ट ब्लफ’ हे पुस्तक लिहिलं. सायडेलने तिला मुख्यतः एकच गोष्ट शिकवली: लक्ष दे. पुढच्या बैठकीत पानं टाकाल तेव्हा खुर्ची मागे सरकवू नका. फ्लॉपवर कोण काय करतो ते पाहा, आणि टर्नला एखादं निरुपयोगी पान पडलं तर त्यानंतर कोण गप्प राहतो याकडे विशेष लक्ष द्या.